गोधडीच्या कडा : नेहमीच्या गोटापलीकडे काय काय करता येईल?

रानजाई

नमस्कार. आजेसासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्यांची एक गोधडी शिवत आणली आहे आणि आता तिच्या कडांपाशी येऊन गाडी अडली आहे. माप ९० × ६० इंच आहे. वरचा थर खण आणि लुगडी यांच्या पाच-पाच इंची चौकोनांचा, मध्ये लुगड्यांचे आठ थर आणि खाली जोड देऊन केलेले इरकलीचे अस्तर आहे. धावदोरा मधून बाहेर घालत आले आणि कडेच्या इंचभर अलीकडे थांबले. सध्या चारही बाजूंना फक्त कच्चा टाका आहे. कडेची जाडी दाबून पाहिली तर चार-पाच मिलिमीटर भरते.

आमच्या घरी अस्तर दोन बोटे मोठे ठेवून ते वर दुमडण्याची किंवा बाजारातला साटिनचा गोट, म्हणजे कडेवरून दुमडून शिवायची पट्टी, लावण्याची पद्धत आहे. अस्तर वरच्या थराएवढेच कापलेले असल्यामुळे पहिला मार्ग बंद झाला आहे, आणि सुती गोधडीला साटिन लावणे मला पटत नाही. दोन लुगड्यांचे काठ आणि बराच खण शिल्लक आहे. गोधडी रोज पांघरण्यासाठी आहे, भिंतीवर टांगण्यासाठी नाही. घरात पायाची मशीन आहे आणि हातशिलाईचा मला कंटाळा नाही. कडांचे वेगळे प्रकार ज्यांनी केले असतील त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. माझ्या गोधडीला लागू न पडणारे प्रकारही इतरांच्या उपयोगी पडतील.

टीपटाप

कडेला काय लावायचे हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की, ती कड सरळ आहे का? मधून बाहेर धावदोरा घालत गेले की कडेचे कापड सैल राहते आणि लहरी होते, आणि अशा कडेला कितीही सुंदर गोट लावला तरी धुतल्यानंतर तो झालरीसारखा फुगतो. म्हणून गोधडी जमिनीवर पसरून आधी बरोबर मधोमध लांबी मोजावी आणि मग दोन्ही कडांची मोजावी. मध्ये ९० इंच आणि कडेला साडेएक्याण्णव भरले, तर दीड इंच कापड कडेने जिरवावे लागेल. त्यासाठी कडेपासून पाव इंचावर दुहेरी दोऱ्याने सलग धावदोरा घालावा, कड ९० इंच होईपर्यंत दोरा ओढावा, चुण्या सगळीकडे सारख्या वाटून घ्याव्यात आणि वरून ओलसर कापड ठेवून इस्त्री दाबावी. इस्त्री फिरवू नये, फक्त दाबावी, कारण फिरवली की कड पुन्हा ताणली जाते. फरक दोन इंचांहून अधिक असेल तर तो असा जिरत नाही. तिथे कड कापून सरळ करण्यावाचून इलाज नसतो.

दुसरे म्हणजे दहा थर एकाच रेषेत कापू नयेत. वरचा थर आणि अस्तर तसेच ठेवून आतल्या थरांच्या कडा पायरीपायरीने थोड्या थोड्या आत घ्याव्यात. त्यामुळे गोट लावण्याच्या जागी जाडी निम्म्यावर येते, पायाची मशीन १८ नंबरच्या सुईने ती मुकाट्याने शिवते, आणि कोपऱ्याचा दगड होत नाही. कच्चा टाका उसवून हे काम आत्ताच करून घ्या. गोट लागल्यावर ते करता येणार नाही.

नारळीकाठ

रानजाई, तुमच्याकडे लुगड्यांचे काठ असताना दुसरे काही शोधण्याची गरजच नाही. थोडा हिशोब मांडते. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. तुमच्या गोधडीचा परीघ ३०० इंच, म्हणजे साधारण सात मीटर बासष्ट सेंटिमीटर. याचा अर्थ एका लुगड्याचा एकच काठ पूर्ण गोधडीला फिरतो आणि कोपऱ्यांसाठी व जोडासाठी अर्ध्या मीटरहून अधिक उरतो. सगळ्या कडेत मिळून एकच जोड येतो, आणि पट्ट्या जोडून केलेल्या कोणत्याही गोटाला हे साधत नाही. मात्र नेसण्यात पायांकडे येणारा काठ फार झिजलेला असतो, म्हणून दोन्ही काठ उजेडासमोर धरून पाहावेत आणि भरीव दिसेल तोच घ्यावा.

काठाचा दुसरा गुण असा की त्याची बाहेरची कड विणतानाच बंद झालेली असते. तिचे दोरे सुटत नाहीत, त्यामुळे ती आत दुमडावी लागत नाही आणि जाडी वाढत नाही. काठ दोन इंची असेल तर त्याच्यालगतचे सव्वा इंच अंगाचे, म्हणजे लुगड्याच्या मधल्या भागाचे, कापड सोबत ठेवून पट्टी कापावी. पट्टीची सुलट बाजू अस्तराला टेकवून, कापलेली कड गोधडीच्या कडेशी जुळवून, कडेपासून अर्ध्या इंचावर टीप मारावी. मग पट्टी बाहेर उलटून कडेवरून पुढे आणावी. अंगाचे कापड शिवणीत, मागच्या बाजूला आणि जाडीवर खर्ची पडते आणि पुढच्या बाजूला फक्त नक्षीचा काठ दिसतो. विणलेली कड वरच्या थरावर बारीक टाक्यांनी हाताने शिवावी. येथे मशीनची टीप मारली तर ती मागच्या बाजूला वेडीवाकडी दिसते, आणि अस्तर इरकलीचे असल्यामुळे ते खटकेल.

कोपऱ्यात काठ कापू नये. कोपऱ्याच्या अर्धा इंच अलीकडे टीप थांबवून, साधारण दीड इंच काठ चुणी म्हणून मोकळा सोडून, पुढच्या बाजूने टीप पुन्हा सुरू करावी. काठ पुढे उलटल्यावर ती चुणी पंचेचाळीस अंशांत आपोआप बसते. तिला बोटाने नीट दाबून हाताने शिवले की काठाची नक्षी कोपऱ्यात काटकोनात वळलेली दिसते. काठात रुईफुलासारखी ठरावीक अंतराने येणारी नक्षी असेल, तर ती चारही कोपऱ्यांवर सारखी येईल अशी खटपट करू नका. ज्या दोन कोपऱ्यांवर नजर जाते ते जुळवावेत आणि बाकीचे सोडून द्यावेत.

रानजाई

सविस्तर प्रतिसादांबद्दल दोघांचेही आभार. माझ्याकडचा भरीव काठ लाल आहे आणि वरच्या थरात पांढरट चौकोन बरेच आहेत. काठाचा रंग उतरेल का? आमच्या शेजारच्या मावशी मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवायला सांगतात.

टीपटाप

मिठाने आधीच रंगवलेल्या कापडाचा रंग पक्का होत नाही. सुटा राहिलेला रंग भरपूर पाण्यात धुऊन काढून टाकणे एवढाच उपाय आहे. काठाचा तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालात गुंडाळावा आणि वरून गरम इस्त्री दाबावी. रुमालावर डाग आला तर काठ पुन्हा पुन्हा धुवावा, आणि तरीही डाग येत राहिला तर तो काठ या गोधडीला लावू नये. वर्षानुवर्षे नदीवर धुतलेल्या लुगड्याचा काठ बहुतेक वेळा या परीक्षेत पास होतो.

काळीनदी

आमच्या उत्तर कन्नडमध्ये हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी समाजाच्या स्त्रिया गोधड्या शिवतात. त्यांना कवंदी म्हणतात. पोर्तुगिजांच्या काळात आफ्रिकेतून गोव्यात आणल्या गेलेल्या आणि तिथून घाटावरच्या जंगलांत आलेल्या लोकांचे हे वंशज आहेत. त्यांच्या बोलण्यात कोकणी आणि मराठी शब्द पुष्कळ आहेत, त्यामुळे त्यांच्याशी शिवणकामावर गप्पा मारायला मला कधी दुभाषा लागला नाही.

या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की कवंदीला शेवटी कड लावतच नाहीत, तिची सुरुवातच कडेपासून होते. अस्तराची जुनी साडी पसरतात, तिची कड आत दुमडतात, त्या दुमडीवर पहिल्या तुकड्याची दुमडलेली कड ठेवतात आणि धावदोरा सुरू करतात. एका कोपऱ्यातून निघून चारही बाजूंनी फिरत, तुकड्यामागून तुकडा जोडत, धावदोऱ्याच्या ओळी आत आत येतात आणि शेवटचा तुकडा मध्यावर बसतो. वेगळी पट्टी लागत नाही, आणि टीपटाप यांनी सांगितलेली लहरी कडेची अडचणही उद्भवत नाही, कारण सैल कापड कडेकडे न जाता मध्याकडे सरकत जाते आणि पुढच्या तुकड्याखाली बसते.

चार कोपऱ्यांवर मात्र त्या खास काम करतात. रंगीत कापडाच्या घड्या घातलेले त्रिकोणी तुकडे एकावर एक ठेवून ते कोपऱ्यातून बाहेर डोकावतील असे शिवतात. त्याला फूल म्हणतात. फुलांशिवाय कवंदी त्यांच्या दृष्टीने उघडी असते. शिलाईला कितीही दिवस लागले असले तरी फुले लागल्याखेरीज ती पूर्ण झाली असे कोणी म्हणत नाही. रानजाई यांना आता कडेपासून सुरुवात करता येणार नाही हे उघड आहे, परंतु कोपऱ्यातली फुले काठाच्या गोटासोबतही लावता येतील. गोटाची पहिली टीप मारण्यापूर्वी घडीचे तुकडे कोपऱ्यात टाचून ठेवले की झाले.

लँकेस्टरकर

मी गेली बरीच वर्षे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहते आणि इथल्या गोधडी शिवणाऱ्या मंडळात जाते. काळीनदी यांनी वर्णन केलेल्या घडीच्या त्रिकोणांचे इथले भावंड म्हणजे प्रेअरी पॉइंट. फरक एवढाच की ते कोपऱ्यापुरते न ठेवता सगळ्या कडेने ओळीने लावतात. १९२० आणि १९३० च्या दशकांत इथे त्यांची फार चलती होती. आपल्याकडे कुर्त्यांना जी समोसा लेस लावतात तिचेच हे मोठे रूप समजावे.

कृती सोपी आहे. चार इंची चौकोन कर्णावर दुमडून पुन्हा एकदा दुमडला की चार इंच पाया आणि दोन इंच उंची असलेला त्रिकोण मिळतो. त्याच्या एका बाजूला घडी उघडी राहते, तिच्यात शेजारच्या त्रिकोणाचे टोक सरकवायचे. दर तीन इंचांवर एक बसवला तर ६० इंचांच्या बाजूला वीस आणि ९० इंचांच्या बाजूला तीस, म्हणजे एकूण शंभर त्रिकोण लागतील आणि बेचाळीस इंची कापड एक मीटरहून थोडे अधिक लागेल. सगळे त्रिकोण टोके आत करून वरच्या थराच्या कडेवर मांडायचे, पाव इंचावर टीप मारायची, मग टोके बाहेर उलटायची आणि अस्तराची कड आत दुमडून त्या शिवणीवर हाताने शिवायची. यासाठी धावदोरा कडेच्या अलीकडे थांबलेला असावा लागतो. रानजाई यांनी तो इंचभर आधी थांबवला आहे, त्यामुळे त्यांना हा मार्ग मोकळा आहे.

वळणदार कडेचा प्रकार मला स्वतःला अधिक आवडतो. १८६३ साली जेन स्टिकल यांनी पूर्ण केलेली एक प्रसिद्ध गोधडी व्हरमाँटमधील बेनिंग्टनच्या संग्रहालयात आहे. तिची कड सरळ नसून लहान लहान कमानींची आहे. एकमेकांत गुंतलेल्या कड्यांची ‘डबल वेडिंग रिंग’ नावाची रचना करतात तिची कडही अशीच वळणांची होते. अशा कडेला सरळ कापलेली पट्टी चालत नाही, उरेब पट्टीच लागते, कारण तिरके कापलेले कापडच वळणावर ताणले जाऊन सपाट बसते. घरी करून पाहायचे असेल तर वाटी उपडी ठेवून खडूने कमानी आखाव्यात, आधी गोट शिवावा आणि त्यानंतरच कमानी कापाव्यात. आधी कापल्या तर प्रत्येक वळण उरेब होऊन ताणले जाते.

याच्या अगदी उलट वेल्समधील जुनी पद्धत आहे. वरचा थर आणि अस्तर या दोन्हींच्या कडा आत दुमडून एकमेकींना भिडवायच्या आणि कडेलगत धावदोऱ्याच्या दोन समांतर ओळी घालायच्या. गोट नाही, झालर नाही. दोऱ्याचा रंग विरोधी घेतला तर त्या दोन ओळींचीच नक्षी होते.

सूतकताई

मला थोडा वेगळा सूर लावायचा आहे. गोधडी सर्वांत आधी कुठे फाटते, हे कडेचा प्रकार निवडण्याआधी पाहायला हवे. ती डोक्याकडच्या बाजूला, जिथे आपण ती मुठीत धरून गळ्यापर्यंत ओढतो आणि जिथे तेल, घाम आणि दाढी लागते, तिथे फाटते. त्यानंतर कोपऱ्यांवर फाटते, कारण धुताना आणि वाळत घालताना भिजलेल्या गोधडीचे सगळे ओझे कोपरे ओढूनच उचलले जाते. लांबीच्या दोन बाजू आणि पायांकडची बाजू त्या मानाने पुष्कळ टिकतात. चारही बाजूंना एकच प्रकार लावण्याचा आग्रह मला त्यामुळे समजत नाही.

समोसा त्रिकोण डोक्याकडच्या बाजूला लावले तर ते मानेखाली चुरगळतात, तोंडाला लागतात आणि प्रत्येक धुण्यानंतर शंभर टोके इस्त्री करायला कोणाला वेळ आहे? पायांकडच्या बाजूला मात्र ते शोभतात आणि त्रासही देत नाहीत. कोपऱ्यातल्या फुलांचेही तसेच. पायांकडच्या दोन कोपऱ्यांना ती जरूर लावावीत.

गोटाच्या बाबतीतही एक गोष्ट लक्षात घ्यावी. सरळ कापलेल्या पट्टीत गोधडीच्या अगदी कडेवर कापडाचा एकच दोरा लांबवर येतो आणि सगळी झीज त्या एका दोऱ्यावर पडते, म्हणून जुन्या गोधड्यांचा गोट कडेवर चिरल्यासारखा फाटलेला दिसतो. उरेब पट्टीत कडेवर अनेक दोरे तिरके येतात आणि झीज वाटली जाते. लुगड्याचा काठ सरळच लावावा लागतो. त्याची वीण अंगापेक्षा घट्ट असते खरी, पण वरच्या हिशोबात गोधडीच्या नेमक्या कडेवर नक्षीचा काठ येत नाही, अंगाचे जुने विरळ कापड येते. तिथे आतून नव्या मलमलीची पट्टी जोडावी, अशी माझी नारळीकाठ यांना सूचना आहे.

नारळीकाठ

सूचना रास्त आहे आणि मान्य आहे. दीड इंची मलमलीची पट्टी, तीही उरेब कापलेली, काठाच्या मागे अंगाच्या कापडाला आधी कच्च्या टाक्याने जोडावी आणि मग दोन्ही मिळून एकच पट्टी समजून शिवावे.

लँकेस्टरकर

डोक्याकडच्या बाजूसाठी इथे पूर्वी एक सोय होती. गोधडीच्या वरच्या कडेवर आठ-दहा इंच रुंदीची साध्या कापडाची पट्टी दोन्ही अंगांना दुमडून कच्च्या टाक्याने घालत. ती मळली की उसवून तेवढीच धूत. एकोणिसाव्या शतकातल्या काही गोधड्यांवर अशा पट्ट्या अजून आहेत आणि पुरुषांच्या दाढीपासून कापड वाचवणे हाच त्यांचा उद्देश असल्यामुळे नावही दाढीवरूनच पडले आहे. धोतराच्या धडक्या भागाची पट्टी या कामाला उत्तम होईल. दहा थरांची भिजलेली गोधडी वारंवार उचलण्याचा त्रासही वाचेल.

खांबसाखळी

क्रोशाची कड कोणी सांगितली नाही म्हणून लिहिते. जाड गोधडीत क्रोशाची सुई थेट घुसत नाही, त्यामुळे आधी जाड सुती दोऱ्याने सगळ्या कडेने काजटाका घालून घ्यावा. टाक्यांमध्ये अर्ध्या सेंटिमीटरचे अंतर ठेवावे आणि ते शेवटपर्यंत बदलू नये. काजटाक्याच्या वरच्या आडव्या दोऱ्यात क्रोशाची सुई घालून पहिली ओळ मुक्या खांबांची, म्हणजे आखूड टाक्यांची, करावी. दुसऱ्या ओळीत दोन मुके खांब सोडून तिसऱ्यात पाच खांब (उंच टाके), पुन्हा दोन सोडून तिसऱ्यात एक मुका खांब, असे केले की कमानी होतात. कोपऱ्यावर पाचाऐवजी सात खांब घातले नाहीत तर कड आत वळते. दोरा सुतीच असावा. लोकरीची कड धुतल्यावर ढिली पडते आणि सुती गोधडीपेक्षा वेगळ्या वेगाने वाळते.

पातळ दुपट्यांसाठी याहूनही सोपा प्रकार आहे. कड अर्धा इंच दुमडून घ्यावी, तिच्यात धावदोरा घालत जावे आणि दर अंगठाभर अंतरावर दोरा कडेवरून वरून घेऊन ओढावा. करंजीच्या मुरडीसारखी कड तयार होते आणि वेगळे कापड काहीच लागत नाही. हा प्रकार दोन-तीन थरांच्या वर मात्र जमत नाही.

काळीनदी

दुपट्यांचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. तान्ह्या मुलांच्या दुपट्याला गोंडे, मणी, घुंगरू आणि बोट अडकेल अशी जाळीची कड लावू नये. मोठ्यांच्या गोधडीवर कच्छकडच्या धर्तीचे गोंडे हवे तेवढे लावा.

टीपटाप

ज्यांच्याकडे काठ नाहीत त्यांच्यासाठी दोन स्वस्त प्रकार. उरलेल्या तुकड्यांचा गोट करताना जोड तिरके द्यावेत, म्हणजे जोडाची जाडी एका जागी साठत नाही आणि रंग एकमेकांत सरकल्यासारखे दिसतात. दुसरा प्रकार दुहेरी गोटाचा आहे. विरोधी रंगाची एक इंची पट्टी दुमडून अर्धा इंच करावी, तिची कापलेली कड गोधडीच्या कडेशी जुळवून टाचावी आणि वरून नेहमीचा गोट पाव इंचावर शिवावा. पट्टीचा पाव इंच गोटाच्या आतल्या बाजूने डोकावत राहतो. पट्टी मधोमध दुमडून लावायच्या दुहेरी घडीच्या गोटासाठी साध्या गोधडीला अडीच इंची पट्टी पुरते, पण चार-पाच मिलिमीटर जाडीला सव्वातीन इंचांच्या खाली घेऊ नये, नाहीतर गोट मागे पोहोचतच नाही आणि ओढून शिवला की कड वळते.

रानजाई

माझे बरेचसे ठरले आहे. रुमालाची परीक्षा घेतली, लाल काठाचा डाग आला नाही. दोन्ही लांब बाजूंना आणि डोक्याकडे मागून उरेब मलमल जोडून काठ लावणार आहे. पायांकडच्या बाजूला काठाच्या आत खणाचे समोसे येतील, म्हणजे वीस त्रिकोण पुरतील, आणि त्या दोन कोपऱ्यांना फुले असतील. डोक्याकडे धोतराची पट्टी कच्च्या टाक्याने घालेन. आता एकच शंका उरते. काठ सलग फिरणार असेल तर त्रिकोण नेमके कोणत्या टप्प्यावर बसवायचे, आणि काठाचा एकमेव जोड कुठे घ्यायचा?

नारळीकाठ

काठ मागून पुढे येणार असल्यामुळे त्रिकोण नेहमीसारखे टोके आत करून शिवू नका. ते काठाखाली दडतील. आधी काठाची मागची टीप चारही बाजूंनी मारून घ्यावी. काठ पुढे उलटून टाचण्या लावाव्यात आणि पायांकडच्या बाजूला हाताने शिवण्यापूर्वी त्रिकोणांचे पाये विणलेल्या कडेखाली अर्धा इंच सरकवावेत, टोके गोधडीच्या मध्याकडे. त्यामुळे टोके बाहेर लोंबत नाहीत, चौकोनांवर सपाट बसतात आणि धुताना पिळवटत नाहीत. टोकांनाही एक-एक टाका घालून ठेवला तर इस्त्रीचा प्रश्नच राहणार नाही. कोपऱ्यातली फुले मात्र बाहेर हवी असतील तर ती पहिल्या टीपेच्या आधी, काठ आणि अस्तर यांच्यामध्ये, टोके आत करून टाचावी लागतील, म्हणजे काठ उलटल्यावर ती बाहेर येतील.

जोड कोपऱ्यात कधीही घेऊ नये, कारण तिथे चुणीची जाडी आधीच असते. तो पायांकडच्या बाजूलाही नको, तिथे त्रिकोणांचे थर आहेत. डाव्या किंवा उजव्या लांब बाजूला, पायांकडच्या कोपऱ्यापासून दोन-अडीच वीत वर घ्यावा. एक टोक नक्षीच्या मधोमध कापून दुसऱ्या टोकावर तीच नक्षी शोधावी, शिवणीसाठी दोन्हीकडे अर्धा इंच ठेवावा, आणि पहिली टीप सुरू करताना सुरुवातीचा वीतभर काठ न शिवता मोकळा सोडावा, नाहीतर फिरून आल्यावर जोड द्यायला हात आत जाणार नाही.

रानजाई

समजले. आज कच्चा टाका उसवून आतले थर पायरीने कापायला घेते.